दोरा कुणी बदलला?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मामीने सांगितलं त्यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. मामीच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात लख्ख ऊन आलं होतं.

आणि मामीचं डोकं सकाळपासून तापलं होतं.

मशीनने परस्पर अपडेट घेतलं होतं. ताईंचं एकही डिझाइन उघडत नव्हतं. ताई म्हणजे मामीची थोरली जाऊ. दुकान दोघींनी काढलं, डिझाइनं सगळी ताईंची. दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. मागे उरल्या त्या तेवढ्या फाइली.

सहा वाजता शाळेच्या संघाचे बारा बिल्ले द्यायचे होते. जुनंच डिझाइन, फक्त किनार यंदा मरून रंगाऐवजी पिवळी. चुकलं तर शाळेचं काम समोरच्या दुकानात जाणार होतं.

"मॅडम, अपडेट तुमच्याच फायद्याचं आहे," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला.

"माझा फायदा तुला कुणी सांगितला रे? मला न विचारता माझ्या मशीनला हात लावलातच कसा?"

"जुनं व्हर्जन टाकलंत तर जबाबदारी तुमची."

"आजवर काय तुझ्या आजोबांची होती?"

मामीने फोन आपटला. खणातला पेन ड्राइव्ह काढून जुनं व्हर्जन टाकलं. डिझाइन उघडलं. मशीन धडधडू लागलं.

मामी मागे हात धुवायला गेली.

मशीन थांबलं. बीप... बीप...

रंग बदलायचा होता. या मशीनला सुई एकच. दोरा हाताने ओवायचा, बटण हाताने दाबायचं, तेव्हा ते पुढे सरकणार.

"आले गं बाई, आले! धीर नाही जरासुद्धा!"

बीप...

आणि बंद.

मशीन आपोआप सुरू झालं.

दाराला आतून कडी होती.

मामी धावत बाहेर आली. पिवळं रीळ टेबलावर तसंच होतं. सुईत... मरून दोरा.

कापडावर राहिलेलं दोऱ्याचं टोक तिने चिमटीत धरलं.

ओलं होतं.

दोरा ओवण्याआधी तोंडात धरायची सवय ताईंची होती.

दुसरं कुणी किंचाळत सुटलं असतं. मामी भडकली.

"ताई, तुम्हीसुद्धा? विचारायची पद्धत नाही का? दुकान आता मी चालवते!"

मशीन जागच्या जागी थांबलं.

मामीने मरून टाके उसवले, पिवळा दोरा ओवला. बारा बिल्ले होईपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. प्रत्येक किनार डोळ्यांसमोर पिवळी झाली. तिनेच बिल्ले कापले, तिनेच खोक्यात भरले.

सहाला शाळेचा शिपाई आला. त्याने खोकं उघडलं.

"बाई, किनार पिवळी सांगितली होती ना?"

बाराच्या बारा... मरून.

शाळेचं काम गेलं.

मशीन अजून रोज सकाळी विचारतं, अपडेट आत्ता की नंतर? मामी दातओठ खात 'नंतर' दाबते. 'आत्ता' दाबलं तर ताई कदाचित जातील. फाइली तर नक्कीच.

"मग तुला हवंय तरी काय?" मी एकदा विचारलं.

"आधी मला विचारा. एवढंच."

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही.