दार नसलेला डबा

ही गोष्ट खरी आहे. भुताच्या गोष्टी सांगणारे सगळेच असं म्हणतात, ठाऊक आहे मला. पण ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं तो धाकू म्हणजे माझ्या आईचा सख्खा आजोबा. खाडीवर होड्या बांधणारा माणूस. थापा मारत बसायला त्याला सवड नसायची. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

साल १९३२. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीजवळ एक कौलारू घर होतं.

आणि रात्र नव्हती, बरं का. अमावास्या नाही, पिंपळ नाही, काही नाही.

टळटळीत दुपार होती.

घर आत्मारामचं. त्याची उभी हयात परळला रेल्वेच्या कारखान्यात गेली. बायको सावित्री इथे, सासूचं दुखणंखुपणं आणि भातशेती सांभाळत. मूलबाळ नाही. आत्माराम वर्षातून एकदा शिमग्याला आगबोटीने यायचा, आणि जाताना दर वेळी एकच सांगून जायचा. पुढच्या वर्षी तुला मुंबईला नेतो, आगगाडीत बसवतो. ती बंदरावर उभी राहून हात हलवायची. असं करता करता दोघांचे केस पिकले, सासू गेली, आत्माराम नोकरी संपवून घरी आला. सावित्रीने गाडी काही पाहिली नाही.

घरी बसून त्याचे हात शिवशिवायला लागले. मग पडवीत फळ्या टाकून त्याने लहानशी आगगाडी करायला घेतली. पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ, फणसाच्या लाकडाचे डबे, इंजिनात जुन्या घड्याळाची स्प्रिंग. चावी दिली की गाडी पडवीभर वळसा घालून परत यायची. रत्नागिरीत तेव्हा गाडी होती कुठे? लोक नुसते बघायला यायचे.

धाकू बघायला आला आणि चिकटलाच. खरी गाडी त्यानेही पाहिलेली नव्हती, पण पूल त्याला कळत होता. त्याने होडीच्या उरलेल्या लाकडाचा पूल करून आणला. मग बाजारातला केरू, पत्र्याची भांडी करणारा, तो सिग्नल करायला लागला. दर रविवारी जेवणं उरकली की तिघं आपापलं काम घेऊन पडवीत जमायचे.

त्यांचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या कामाचं कौतुक करायचं नाही. कौतुकाने हात बिघडतो, असं आत्माराम म्हणायचा. चूक दिसली तर तीही तोंडाने सांगायची नाही. चूक असेल तिथे गपचूप एक चिंचोका ठेवायचा. ज्याचं काम त्याने ती शोधायची, सुधारायची, आणि मग चिंचोका ज्याचा त्याला परत द्यायचा. न सुधारता परत केला, की पुढच्या खेपेला तो पुन्हा तिथेच!

सावित्री आपली चहा द्यायची आणि आत जायची. एका रविवारी मात्र तिने बसायचा पाट ओढत आणला, बराच वेळ बघत बसली, आणि केरूच्या सिग्नलवर एक चिंचोका ठेवून दिला. केरूने सिग्नल उलटासुलटा केला. त्याला काही सापडेना. शेवटी शरण गेला.

"दिवा लावणारा वर चढायचा कसा?" सावित्री म्हणाली. "उडी मारून?"

शिडी करायची राहिली होती. त्या दिवसापासून ती चौथी झाली.

तिचे चिंचोके वेगळे. सारीपट खेळताना फाशांसारखे टाकतात तसले, दोन फाका करून दगडावर घासलेले, एका बाजूने पांढरे. लांबूनही ओळखू यायचे. आणि तिने काढलेल्या चुकाही वेगळ्या. रूळ वाकडा, चाक डुगडुगतं, हे पुरुषांनी बघावं. तिला माणसं दिसायची. स्टेशनात सावली नाही, लेकुरवाळीने बसायचं कुठे? पुलावरून चालत जाणाऱ्याने धरायचं कशाला? पडवीत माणूस एक नव्हतं, नुसती लाकडं आणि पत्रे, पण तिला दिसायची.

त्या उन्हाळ्यात तिने एकदाच तोंड उघडून मागितलं. खेळातली पुरे झाली, आता खरी दाखवा. आत्माराम म्हणाला, आता पावसाळा तोंडावर आलाय. आगबोटी पुन्हा सुरू झाल्या की पहिल्या बोटीने जाऊ.

श्रावणात तिला ताप भरला. आठवड्यात खेळ आटोपला.

अस्थींबरोबर तिची चिंचोक्यांची डबीसुद्धा आत्मारामने स्वतःच्या हाताने खाडीत सोडली. धाकू शेजारीच गुडघाभर पाण्यात उभा होता. डबी बुडताना त्याने पाहिली.

पुढे पाऊस सरला. पहिल्या आगबोटीचा भोंगा बंदरावरून ऐकू आला, तेव्हा आत्माराम जेवत होता. तो ताटावरून उठला आणि लहान पोरासारखा रडला.

धाकूला राहवेना. हाताला काम दे मेल्या, नाहीतर वेड लागेल, म्हणाला. म्हणून आत्मारामने बायकांचा डबा करायला घेतला. लाकडाचं काम इतकं नाजूक त्याने कधीच केलं नव्हतं. खिडक्या कोरल्या, आत बाकं बसवली, बाहेरून तांबडा रंग दिला, रंगावर काळ्या रेघांनी दारं काढली.

डबा रुळावर ठेवला आणि तो आत पाणी प्यायला गेला.

बाहेर कावळे ओरडत होते. माडांची सळसळ होती.

आणि एकदम...

सगळं थांबलं.

कावळा नाही. वारा नाही. खाडीचासुद्धा आवाज नाही.

मग पडवीतून आवाज आला. सारवलेल्या जमिनीवरून पाट ओढल्याचा.

सर्र...

आत्माराम तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. जरा वेळाने कावळा ओरडला, तेव्हा कुठे त्याचे पाय हलले.

पडवीत कोणी नव्हतं. पाट मात्र भिंतीपासून रुळांजवळ आलेला.

आणि तांबड्या डब्यावर एक चिंचोका. एका बाजूने पांढरा.

ओला.

त्याने तो जिभेला लावला. खारट होता.

आधी त्याचं डोकंच फिरलं. बाजारात जाऊन त्याने केरूची गचांडी धरली, मेलेल्या बाईची थट्टा करतोस म्हणून. केरू बिचारा देवाच्या शपथा घ्यायला लागला. धाकूवरही संशय घेऊन झाला. मग त्याने पडवीच्या दाराला आतून कडी घातली, आणि दुसऱ्या दुपारी शेजारच्या खोलीत कान देऊन बसला.

पुन्हा ती शांतता... पुन्हा पाट... पुन्हा चिंचोका, त्याच डब्यावर.

आता त्याला भीती वाटली नाही. घरात आपलं माणूस आलंय, याची कसली भीती? त्याने चुकीचा शोध घेतला. चाकं काढून बसवली. छप्पर तासलं. रंग खरवडून पुन्हा दिला. प्रत्येक वेळी कायद्याप्रमाणे चिंचोका तिच्या पाटावर परत ठेवला. प्रत्येक वेळी तो डब्यावर परत आला.

एका सकाळी न्हाताना त्याला उमगलं. सावित्री काढायची ती चूक नेहमी माणसांच्या सोयीची असायची.

डब्याला दारच नव्हतं. नुसत्या रेघा. आत माणूस चढणार कुठून?

लाकूड कोरायची पटाशी त्याच्या हाताशी होती. घटकाभराचं काम. पण त्याच्या मनात आलं, दार झालं की चूक संपली. चूक संपली की ती येणार कशाला?

आत्मारामने पटाशी ठेवून दिली.

त्यानंतरचा महिनाभर तो सुखात होता. रोज दाढी करायचा, दुपारी दोन कप चहा टाकायचा. चिंचोका आला की हसायचा आणि न सुधारता पाटावर परत ठेवायचा. गावात बोभाटा झाला. बायका त्या घरासमोरून जाणं टाळू लागल्या. धाकू विचारायचा, तर हा म्हणायचा, आमचं दोघांचं चाललंय, तू मध्ये पडू नको.

पण हळूहळू काहीतरी बदलत गेलं.

पाटाचा आवाज लांबत चालला. आधी एका ओढीत यायचा. मग सर्र... थांबला... पुन्हा सर्र... जमीन पाण्याने जास्त भिजायला लागली. चहा निवून जायचा तरी चिंचोका यायचा नाही. आला की जोर नसलेल्या हाताने ठेवल्यासारखा घरंगळून रुळावर पडलेला असायचा.

आत्मारामला हे दिसत होतं. तो बघत नव्हता.

एका रविवारी धाकू हट्टाने तिथेच बसला. दुपारी कावळे गप्प झाले. त्याच्या डोळ्यांदेखत पाट हलला. बोटभर. थांबला. कोणीतरी दम खातंय, इतका वेळ थांबला. पुन्हा बोटभर. आणि त्या मोकळ्या जागेतून एक बारीक कण्हणं आलं. ताप भरलेली बाई कूस बदलताना कण्हते, तसं.

धाकूच्या अंगावर सरसरून काटा आला. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. त्याने आत्मारामला खांद्याला धरून बाहेर अंगणात नेलं, आणि काय प्रकार आहे तो सगळा वदवून घेतला. दाराचंही.

ऐकून धाकूने एकदा वळून पडवीकडे पाहिलं.

"आत्माराम," मग तो म्हणाला, "जिती होती तवा तू तिला बंदरावर उभी ठेवलीस. आता मेल्यावर पण उभीच ठेवलीयस. बसू दे रे वैनीला."

आत्माराम तिथेच अंगणात बसला. मला कोण आहे दुसरं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. धाकू त्याच्या शेजारी टेकला. तो नुसता पाठीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्मारामने पटाशी घेतली. डबा धाकूने धरला. दार कापलं. दोन बारीक बिजागऱ्या लावल्या. दार उघडायला-मिटायला लागलं. खाली चढायला पायरीही केली, कारण ती करायची राहिली असती तर सावित्रीने ती चूक नक्की काढली असती.

डबा स्टेशनात उभा केला. दार उघडं ठेवलं. आत्मारामने इंजिनाला चावी दिली, पण खटका सोडला नाही. वाट बघत राहिला.

कावळे थांबले...

पाट सरकला नाही. चिंचोका आला नाही.

तांबडा डबा मात्र एका बाजूला किंचित कलला. पायरीच्या बाजूला. मग पुन्हा सरळ झाला.

आत्मारामने खटका सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याच्याने बघवेना.

गाडी निघाली. रोज भुर्रकन जाणारी गाडी त्या दिवशी जड चालत होती. धाकूचा पूल पहिल्यांदा करकरला. वळणावर इंजिन अडलं, पुन्हा निघालं, पडवीचा वळसा पुरा करून स्टेशनात आलं आणि स्प्रिंग संपली. बाहेर कावळे ओरडू लागले.

"गेली का?" आत्मारामने तोंडावरचे हात न काढता विचारलं.

धाकू म्हणाला, गेली.

त्या दिवसानंतर घरात काही झालं नाही. काहीच नाही. पंधरा दिवसांनी धाकू गेला तर आत्मारामने रूळ वाकडे केले होते, सिग्नलची शिडी उपटली होती, स्टेशनाचं छप्पर काढून टाकलं होतं. सगळ्या पडवीभर चुका करून ठेवल्या होत्या आणि मध्ये तो बसला होता. ती येईल म्हणून. भूत दिसलं म्हणून रडणारी माणसं धाकूने पाहिली होती, भूत येत नाही म्हणून रडणारा हा एकच.

त्याने धाकूला जवळ बसवलं.

"तू बघत होतास," तो म्हणाला. "गाडी सुटताना तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं का रे?"

"बघितलं," धाकू म्हणाला. "हसली पण."

आत्माराम पुढे चार वर्षं जगला, ती या एका वाक्यावर. भेटेल त्याला सांगायचा, हसली म्हणे जाताना.

आईने एकदा धाकूला विचारलंच. आजोबा, कशा दिसत होत्या हो त्या?

म्हाताऱ्याने हातातली विडी विझवली. मग म्हणाला, "मला वैनी दिसलीच नाय पोरी. मी दाराकडं बघत व्हतो. गाडी हलायच्या आधी ते दार आतून कुणीतरी ओढून घेतलं. घट्ट."

आत्मारामने तोंडावरचे हात काढायच्या आत धाकूने नखाने ते दार उचकटून पहिल्यासारखं उघडं करून ठेवलं होतं. जाताना तिने ते त्याच्या तोंडावर लावून घेतलं, हे दोस्ताला दिसू नये म्हणून.

आत बोट गेलं, तेव्हा बाक ओलं होतं, असं तो म्हणाला. आणि गरम.