ट्रकवाल्या बन्सीचं आडनाव

निलमला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा तो मरून राहिला होता.

आणि तेही धड नाही. छातीवर हात ठेवून त्यानं तीन गिरक्या घेतल्या, चौथीत तोल गेला आणि तो सरळ तिच्या दुकानावर आडवा झाला. दुकान म्हणजे हळदीची दोन पोती आणि त्यांवर टाकलेली फळी. बारा चित्रं खाली गेली. फळीतून एक खिळा वर आलेला होता, तो त्याला बराबर लागला.

"याडी ये..." तो कळवळला.

सकाळपासून त्या गोदामात सतरा जण मरून गेले होते आणि सगळे रीतसर 'मां' म्हणून मेले होते. हा एकटाच खरोखर मरत असल्यासारखा ओरडला. परीक्षकांनी त्याला शून्य गुण दिले.

ही १९९९ सालच्या जानेवारीतली गोष्ट. वसमतच्या एका अडत्याच्या रिकाम्या गोदामात 'अखिल मराठवाडा शमशेरकुमार चाहता मंडळा'चा पहिला मेळावा भरला होता. दुसरा कधी भरला नाही. शमशेरकुमार हा हिंदी सिनेमातला असा नट, जो एकेचाळीस सिनेमांत एकेचाळीस वेळा मेला आणि इंटरव्हलच्या पुढं एकदाही गेला नाही. हिरोचा मित्र, हिरोचा मोठा भाऊ, प्रामाणिक हवालदार... गोळी त्यालाच लागायची. बाकीच्या जगात लोक हिरोवर जीव टाकतात. वसमत, कळमनुरी, डोंगरकडा या पट्ट्यातली काही पोरं मरणाऱ्यावर जीव टाकून होती. इंटरव्हलला ती टॉकीजबाहेर यायची ती परत आत जायचीच नाहीत. पिक्चर संपला म्हणायची.

मेळाव्याला त्रेसष्ट माणसं आली होती. त्यातली चार हळद विकायला आलेली होती, पण ती परत गेली नाहीत. मरण्याची स्पर्धा बघत बसली.

नियम एकच होता, दिवसभर खरं नाव घ्यायचं नाही. दारातच प्रत्येकाला शमशेरकुमारच्या एखाद्या भूमिकेचा बिल्ला मिळायचा. बायकांची पंचाईत होती. एकेचाळीस सिनेमांत त्या माणसाला एकही प्रेयसी मिळाली नव्हती. होती ती फक्त आंधळी आई. म्हणून निलम, मिना आणि सृष्टी या तिघी मैत्रिणींच्या छातीवर 'आंधळी आई – एक', 'दोन' आणि 'तीन' असे बिल्ले होते.

निलम वीस वर्षांची, डोंगरकड्याच्या वरच्या बंजारा तांड्यातली. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास झालेली, आणि त्यानंतर त्या परीक्षांचं काय करायचं असतं हे कुणीच न सांगितलेली. म्हणून तिनं शमशेरकुमारची सगळी मरणं कार्डशीटवर उतरवली होती, जलरंगात. दरीत पडून, विष पिऊन, रेल्वेखाली, एकदा हत्तीच्या पायी. मिना तिच्याच तांड्यातली. सृष्टी गावातल्या शेतकऱ्याची पोरगी, आणि तिचा आवाज गावातल्या लाऊडस्पीकरपेक्षा बरा होता. "दरीत पडलेला घ्या, दरीत पडलेला... फाशीवाला एकच उरला," असं ती एखाद्या भाजीवालीसारखं ओरडत होती, आणि चित्रं खपत होती. एका गृहस्थानं विषाचं चित्र नव्या घराच्या बैठकीत लावायला नेलं. गोदाम झाडून घेतलं होतं, पण हळद झाडल्यानं जात नसते. दुपारपर्यंत सगळे चाहते पिवळे झाले. एवढ्या पोरांना एकदम हळद लागलेली आपण पहिल्यांदा पाहतोय, असं सृष्टी म्हणाली; आता साठ नवऱ्या कुठून आणायच्या?

तर तो मेलेला माणूस फळीवरून उठला. खाली पडलेली चित्रं गोळा करून त्यानं ती बाहीनं पुसली. त्यामुळं ती आणखी पिवळी झाली. त्याच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'ट्रकवाला बन्सी'.

"लागलं का?" निलमनं विचारलं.

"मेलेल्याला काय लागतंय," तो म्हणाला आणि कोपर चोळत राहिला. मग त्यानं तिचा बिल्ला वाचला, चित्रं पाहिली, पुन्हा बिल्ला वाचला. "आंधळ्या असून हात चांगलाय तुमचा."

"पोरगं रोज मरून राहिलं की आईला काईतरी करावंच लागतं."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटत होता... निलमनं हे का पाहून ठेवलं, तिला सांगता आलं नसतं. चित्रकाराला सवय असते, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मिनानं तिला बाजूला ओढलं. 'याडी' म्हणजे आई, ती आपल्या बोलीतली. पोरगा तांड्यातला होता, आपल्यातला. मिनाचं म्हणणं सरळ होतं, पुढं एक अक्षर बोलायच्या आधी आडनाव विचारून घे. चव्हाण असला, पवार असला, जाधव असला तर हस बापडी पाहिजे तेवढी. पण राठोड निघाला तर? निलम राठोड होती. राठोडाला राठोड म्हणजे भाऊ. मग तो कुठल्या का तांड्याचा असेना, सात पिढ्यांत कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं का नसेना. आणि आपल्याकडं तांड्यात दगड भिरकावला तर तो राठोडाला लागतो आणि उलटून फेकतो तोही राठोडच, हेही मिनानं आठवण करून दिलं.

"इचारते," निलम म्हणाली.

पण विचारलं नाही. मंडळाचा नियमच होता ना, नाव घ्यायचं नाही. नियम मोडणं तिच्या स्वभावात नव्हतं, निदान त्या दिवशी तरी.

तो परत आला. म्हणाला, एक चित्र घ्यायचंय. सगळी मरणं त्यानं एकेक करून उलटली.

"ह्यात जिवंत कुठाय?"

"जिवंत न्हाई."

"काहून?"

"जिवंत असतो तवा तो पळून राहतो. मरतो तवाच थांबतो. मग काढता येतो."

त्यानं थोडा विचार केला. मग समोरचं पोतं ओढलं आणि त्यावर बसला. "मग माझ्याकडं बघून काढा. मी थांबतो."

एखाद्या पोरीनं परक्या पोराकडं टक लावून पाहिलं तर लोक नावं ठेवतात. पण हातात पेन्सिल असली तर तेच लोक मागं उभं राहून, नाक जरा मोठं करा, म्हणतात. निलमनं ही सवलत पुरती वापरली. नाक म्हणजे वीस मिनिटांचं काम. तिनं ते पाऊण तास पुरवलं. कान तर दोनदा खोडला. पहिला कान चांगला होता.

तो बोलत राहिला. कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, ट्रक अजून स्वप्नात आहे. घर सिद्धेश्वरच्या धरणाजवळ. आई धरणाकाठी राहते आणि पाण्याला भिते, त्यामुळं जगातली सगळ्यात दमलेली बाई तीच. निलमनं तांड्यातल्या टीव्हीचं सांगितलं. त्यात सगळी माणसं जरा लांबट दिसतात, म्हणून तिचा शमशेरकुमार उंच आहे. दोघंही मराठीतच बोलत होते. घरची बोली दोघांच्या ओठांवर होती, पण त्या बोलीत दुसरंच वाक्य 'तू कुणाचा?' असं असतं. ती बोली बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही.

तीन वाजता मंडळाच्या अध्यक्षांनी माईक हातात घेतला. शमशेरकुमार स्वतः येणार होते, पण त्यांचं पत्र आलं होतं. उटीला एका पिक्चरमध्ये मरायचं असल्यामुळं येता येत नाही, क्षमस्व. अध्यक्षांनी ते दोनदा वाचून दाखवलं. काय करावं ते न सुचून त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. त्रेसष्ट पिवळी माणसं एका जिवंत माणसासाठी मुकाट उभी राहिली. त्या शांततेत बन्सीनं तिच्याकडं पाहिलं... तिनंही पाहिलं. मघासारखं नाही. हातात पेन्सिल नव्हती.

नंतर सोडत होती. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहायचं होतं. मिना मुद्दाम त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, 'बन्सी ट्रकवाला'. बक्षीस दूध उकळायचं भांडं होतं आणि ते हळद विकायला आलेल्या एकाला लागलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा दोघं गोदामाच्या दारात रसाच्या गाड्यापाशी उभे होते. दोघांच्या हातात ग्लास. निलमला न्यायला तिचे काका, भावसिंग, साडेचारच्या जीपनं येणार होते. चार वीस झाले होते.

"एक इचारू का?" तो म्हणाला.

तिनं ग्लास गाड्यावर ठेवला. "नको."

त्यानं हातातला ग्लास गोल फिरवला. मग ग्लासातल्या बर्फाशी बोलावं तसं म्हणाला, "तू सकाळपासून इचारलं न्हाईस."

"तू तरी कुठं इचारलंस?"

"म्या म्हणलं... ट्रकवाला आहे तवर बरं चालू आहे आपलं."

एवढंच. पण निलमला कळलं, की जे तिनं दिवसभर मुठीत धरून ठेवलं होतं तेच यानंही धरलेलं आहे, आणि त्याच कारणानं. इतकं सुख तिला आधी कधी झालं नव्हतं आणि इतकी भीतीही.

"उद्या इचारते," ती म्हणाली. "आज न्हाई."

"उद्या कुठं?"

याचं उत्तर द्यायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात जीप आली.

भावसिंगकाका मनानं फार मोकळा माणूस. तांड्यातला माणूस दिसला की त्यांना आनंद होतो, आणि तांड्यातला माणूस त्यांना पाठमोरा असला तरी ओळखू येतो. ते खाली उतरले, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि आधी पाणी, चहा, हवा काही न विचारता आपल्या बोलीत विचारलं, कुठला तू, कुणाचा, आडनाव काय.

सबंध दिवस जे दोघांनी मिळून टाळलं, ते विचारायला काकांना अर्धं मिनिट लागलं.

त्याला खोटं बोलता आलं असतं. चव्हाण म्हणायला असा किती वेळ लागतो. त्यानं निलमकडं पाहिलं, जणू परवानगी मागावी तसं. निलमनं मान आडवी हलवली नाही, उभीही नाही. काका पुढं बापाचं नाव विचारणार होते, मग आज्याचं, मग चुलत आज्याचं. खोटं किती पिढ्या पुरवणार?

"देविदास," तो म्हणाला. "देविदास वसराम राठोड."

काकांना इतका हर्ष झाला, की त्यांनी रसवाल्याला आणखी चार ग्लास सांगितले. पारूबाईला, म्हणजे निलमच्या आईला, पोरगा नाही; पोरीच्या लग्नात भाऊ म्हणून कुणाला उभं करायचं, या काळजीनं ती दोन वर्षं झाली नीट जेवत नाही. आणि इथं हळदीच्या गोदामात देवानं धडधाकट भाऊ उभा केला, तोही ट्रॅक्टरवाला. त्यांनी देविदासकडून तिथल्या तिथं वचन घेतलं, लग्नाला यायचं, आधी यायचं, भावाचं सगळं करायचं. निलमला म्हणाले, भियाच्या पाया पड, भाऊ आहे तुझा.

ती वाकली. तिचे हात त्याच्या चपलांच्या वीतभर वर थांबले. मिना आणि सृष्टी दारात उभ्या होत्या.

"सुखी राहा... बाई," देविदास म्हणाला.

'बाई' म्हणजे बहीण. आधी त्यानं तिला तुमी म्हटलं होतं, मग तू म्हटलं होतं. यापुढं तो तिला एवढंच म्हणणार होता.

लग्न पुढच्या वर्षी झालं, वैशाखात. नवरा हदगावकडचा, चव्हाण, शाळेवर शिपाई, पानसुद्धा न खाणारा. त्याच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हीच निलमची मोठी तकलीफ होती. देविदास दोन दिवस आधी आला. चोळीचं कापड आणलं, मांडव घातला, पाहुण्यांना आंघोळीचं पाणी काढून दिलं, वरातीत बिघडलेलं जनरेटर दुरुस्त केलं. पारूबाई त्याच्या ताटात तूप वाढताना थांबतच नव्हती. तो सगळ्यांना हसवत होता. निलमकडं पाहून त्याचा डावा डोळा एकदाही आधी मिटला नाही.

तांड्यात निघताना नवरीनं एकेका माणसाच्या गळ्यात पडून रडायचं असतं, तेही गाऊन, आणि बापाच्या गळ्यात काय म्हणायचं, आईच्या गळ्यात काय, भावाच्या गळ्यात काय, हे सगळं ठरलेलं असतं. म्हाताऱ्या चतुराबाईनं तिला महिनाभर शिकवलं होतं. बाप झाला, आई झाली, काका झाले. मग भावाची पाळी आली.

देविदास पुढं झाला. सबंध तांडा बघत होता, सासरची माणसं बघत होती, नवरा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. आणि निलमनं सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात हात टाकले. त्या दिवसाआधी त्यानं तिच्या बोटालाही बोट लावलेलं नव्हतं. ती ठरलेले शब्द म्हणत होती, भाऊ, मला विसरू नको, सणाला मला न्यायला ये... एकही शब्द बदलावा लागला नाही. त्याच्या छातीत काहीतरी हुंदक्यासारखं हललं आणि तिच्या कपाळाला ते लागलं. बायका डोळे पुसून राहिल्या होत्या. सख्खा नसून केवढी माया, म्हणत होत्या. नवरासुद्धा गहिवरला.

ठरलेले शब्द संपले. तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरू केले.

शेवटी चतुराबाईनं तिच्या पाठीवर दोन बोटं आपटली. "सोड आता, पोरी. मागं मामा उभे हायेत."

निलमनं सोडलं. मामांच्या गळ्यात पडली तेव्हा मात्र तिला महिनाभर पाठ केलेलं एक अक्षरही आठवेना. ती नुसतीच मोठमोठ्यानं, बेसूर, शब्दांवाचून रडली. मामा अजूनही ज्याला त्याला अभिमानानं सांगतात, पोरगी तशी सगळ्यांच्याच गळ्यात रडली, पण जीव तिचा खरा माझ्यावर.