बोटभर जागा

नमिता आणि रोशनची ओळख एका विटेनं करून दिली. ती वीट त्याच्या पायावर पडली होती.

पुलगावहून वर्ध्याला निघालेल्या एसटीत नमिता मांडीवर जड पिशवी सांभाळत बसली होती. पिशवीत जुन्या बॉयलरच्या, आग सोसणाऱ्या विटा होत्या. भंगारवाल्याशी तासभर घासाघीस करून मिळवलेल्या. नाचणगावला एक सडसडीत मुलगा चढला आणि तिच्या सीटजवळ दांडा धरून उभा राहिला. वळणावर गाडी कलली, पिशवीचा बंद तुटला आणि वरची वीट थेट त्याच्या चपलेवर आदळली.

"लागलं का हो?" तिनं घाबरून विचारलं.

"एकाच बोटाले लागलं," तो पाय झटकत म्हणाला. "बाकीचे चांगले आहेत." मग वीट उचलून तिच्याकडे पाहत म्हणाला, "घर बांधून राह्यल्या काय, मॅडम?"

"नाही. भट्टी."

हे ती जरा मोठ्यानंच बोलली. दारूबंदीच्या जिल्ह्यात, भर एसटीत एखाद्या मुलीनं भट्टी म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. पुढची डोकी वळली, कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला.

"मातीची भांडी भाजायची भट्टी," नमितानं घाईघाईनं खुलासा केला. "घरी. मागच्या अंगणात."

"आता राहू द्या," तो गालातल्या गालात हसला. "पोलीस आले तर मी साक्ष देईन."

नमिता शाळेत चित्रकला शिकवायची. उन्हाळी शिबिरात ती चाकावर भांडी करायला शिकली होती आणि तेव्हापासून पिपरी मेघेतल्या घरामागे स्वतःची भट्टी बांधायचं वेड तिच्या डोक्यात शिरलं होतं. रोशन नाचणगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. डिप्लोमा करून वर्ध्याच्या एका वर्कशॉपमध्ये होता आणि मोठ्या नोकरीची वाट पाहत होता. हे सगळं वर्धा स्टँड येईपर्यंत बोलून झालं. पिशवी ऑटोत ठेवताना त्यानं विचारलं, "भट्टीले खाली लोखंडाची जाळी लागन ना? कोण करून देणार आहे?"

जाळीचा विचार नमितानं केलाच नव्हता.

"मग मीच येतो," तो म्हणाला. "रविवारी... म्हणजे, चालत असन तर."

चालणार होतं. तिनं मात्र उगाच थोडा विचार केल्यासारखं दाखवलं.

असे ते रविवार सुरू झाले. कडुनिंबाला मोहोर आला होता, अंगणभर त्याचा गोडसर वास असायचा. नमिता चिखल कालवायची, रोशन विटांना विटा लावायचा. गिलावा वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून त्यानं एकदा तिच्या वडिलांचा, अण्णाजींचा, बंद पडलेला रेडिओ उघडला. बिघडलेली वस्तू दिसली की उघडून पाहायची, हा त्याचा जुना छंद. रेडिओ चालू झाला आणि अण्णाजींनी दुसऱ्या रविवारी स्वतः होऊन त्याला चहा विचारला. पंचायत समितीत जन्म काढलेला तो माणूस सहसा कुणाला काही विचारत नसे.

मग नमितानं रोशनला चाकावर बसवलं. त्याचा पहिला पेला एका बाजूला कलला.

"हा काय पेला झाला?" ती हसत सुटली.

"तो तुयाकडे पाहून राह्यला," रोशन म्हणाला. "त्याचा काय दोष?"

ती गालाला चिखल लागला होता तो पुसायला गेली आणि आणखीच लागला. तुम्हीचं तू झालं होतं... आणि तिच्याही तोंडातली शाळेतली मराठी सुटून घरची बोली आली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. बाकी काही कुणी बोललं नाही. बोलायचं काय, आणि आधी कुणी? भट्टी बांधणं त्या मानानं सोपं होतं.

मे महिन्यात भट्टी तयार झाली. भांडी रचताना नमितानं नियम सांगितला, "यांना ग्लेझचा लेप दिला आहे, चकाकी यायले. तो आगीत वितळते, अन् थंड होताना ज्याले लागला त्याले कायमचा धरून बसते. म्हणून दोन भांड्यांत बोटभर जागा सोडायची."

"बोटभर," रोशननं मान डोलावली.

वरच्या फळीवर त्याचा कललेला पेला आणि तिचा पेला शेजारी शेजारी आले, मधे बरोबर बोटभर जागा. रोशन दाराच्या विटा आणायला वळला. नमिताचा हात आपोआप पुढे गेला आणि तिनं आपला पेला सरकवला. अगदी थोडा. मधे जागा उरलीच होती, पण तिची छाती अशी धडधडली, जणू चोरीच केली. तेवढ्यात अण्णाजींनी हाक मारली आणि ती आत गेली. परत आली तेव्हा रोशननं दार विटांनी बुजवायला घेतलं होतं.

दिवसभर भट्टी धगधगली. आतला रंग पाहायला एक वीट सुटी ठेवली होती. "आधी तू," "नाई, तू आधी," करत दोघंही एकदमच वाकायचे आणि डोक्याला डोकं लागायचं. त्या एवढ्याशा भोकातून दोघांना मिळून काय दिसलं देव जाणे, पण दोघंही बराच वेळ पाहत राहिले.

दुसऱ्या सकाळी रोशन आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. गुजरातेतल्या कंपनीचा फोन आला होता, मोठी नोकरी लागली होती. लगेच हजर व्हायचं होतं, दुपारचीच गाडी.

"चांगलं झालं," नमिता म्हणाली.

रोशननं भट्टीच्या भिंतीवर तळहात ठेवला. भिंत अजून तापलेली होती. आत्ता दार उघडलं तर गार वाऱ्यानं सगळी भांडी तडकली असती, हे दोघांनाही माहीत होतं.

"मी आलो का मग उघडू," तो खाली पाहत म्हणाला. "तोवर उघडजो नको."

"कधी येशील?"

"येतो ना..."

दिसेल ती वस्तू उघडून पाहणारा हा माणूस, आणि उघडू नको म्हणून सांगून गेला. यातून काय समजायचं ते नमितानं समजून घेतलं. पण समजलेलं खरं आहे की आपल्याच मनाचं, हे सांगायला कुणी नव्हतं.

भट्टी केव्हाच थंड झाली. पाऊस आला, तसं नमितानं वर टिनाचे पत्रे टाकले. रात्री त्यांच्यावर सरी ताशा वाजवायच्या आणि तिला झोप लागायची नाही. शेजारच्या शकुबाई कुंपणावरून विचारायच्या, "काऊन वं, सोनं ठेवलं काय त्या भट्टीत? उघडत काऊन नाई?"

"मुहूर्त नाही काकू," नमिता हसून सांगायची.

रोशनचे फोन यायचे. इकडचं तिकडचं बोलून शेवटी तो हळूच विचारायचा, "उघडली नाई ना?" ती म्हणायची, "नाई." त्या एका शब्दावर तिचे आठ दिवस निघायचे. मग शिफ्टा वाढल्या, फोन विरळ झाले. गणपती गेले, तो आला नाही.

अण्णाजी एके दिवशी म्हणाले, "बेटा, मले तिथं गाडीसाठी शेड टाकायचं आहे. दसरा झाला का मिस्त्री येते. तुई भट्टी उघडायची असन तर उघड, नाईतर तो पाडूनच टाकन." जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "त्याले सांगितलं काय?"

तिनं सांगितलं नव्हतं. ये म्हणून बोलावलं आणि तो फक्त विटा वाचवायला आला, तर? आणि नाहीच आला, तर? आजवर वाट पाहणं हेच तिच्या हातात होतं, आता तेही जाणार होतं. ती भट्टीपाशी जाऊन बसायची आणि दारावरून हात फिरवून उठायची.

दसऱ्याच्या दुपारी ती घमेलं घेऊन अंगणात उभी राहिली. दुसऱ्या कुणी पाडण्यापेक्षा आपणच उघडावी. पहिली वीट तिनं धरली, पण हात काही पुढे होईना.

"नाई ना उघडली अजून?"

रोशन कुंपणाच्या फाटकात उभा होता. खांद्यावर बॅग, हातात आपट्याची पानं, डोळे जागरणानं लाल. दसऱ्याची सुटी मिळताच निघालेला तो घरी नाचणगावलाही न जाता स्टेशनवरून सरळ आला होता. त्यानं आधी अण्णाजींना सोनं दिलं, पाया पडला आणि विचारलं, "काका, उघडू काय?"

"कवाची तुमचीच वाट पाहून राह्यली ते," अण्णाजी म्हणाले. भट्टी म्हणाले की मुलगी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

दोघांनी एकेक वीट काढली. खालची दोन वाडगी तडकली होती. पणत्या सुरेख निघाल्या होत्या. नमिता वरच्या फळीकडे पाहायचं टाळत होती. अखेर रोशननंच तिथं हात घातला... आणि तो तसाच राहिला.

दोन्ही पेले एकदमच हातात आले. कडेला कड लागून, मधली चकाकी एक होऊन ते घट्ट चिकटले होते.

नमिताच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी सरकवला होता," ती पुटपुटली. "पण... थोडासाच रे. मधे जागा उरली होती."

रोशन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"उरलेला म्या सरकवला," तो म्हणाला. "तू आत गेलती तवा."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. इतक्या महिन्यांची सगळी वाट एकदम डोळ्यांत आली. त्यानं मुठीतलं आपट्याचं शेवटचं पान काढून तिच्या मातीनं माखलेल्या तळहातावर ठेवलं आणि हात तिथेच राहू दिला.

"मग सांगायचं नाई काय?" तिनं कसंबसं विचारलं.

"म्हणून तर म्हटलं, मी आलो का उघडजो. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असती."

अण्णाजी दारातून म्हणाले, "मिस्त्रीले येऊ नको म्हणून सांगतो."

शेड आजतागायत झालं नाही. अण्णाजींची गाडी कडुनिंबाखाली उभी असते. रोशननं वर्षभरात वर्ध्याजवळच काम धरलं. आता रविवारी नमिता चाकावर बसते, रोशन ओट्यावर कुणाचा तरी रेडिओ उघडून बसतो, आणि नुसत्या आवाजावरून दोघांना एकमेकांचं काय चाललं आहे ते कळतं. चिकटलेले पेले खिडकीत आहेत. त्यांत कधी चहा ओतला गेला नाही. शकुबाई एकदा ते पुसायला घेऊन वेगळे करू लागल्या, तेव्हा दोघंही एकदम ओरडले होते.

अजूनही दर मे महिन्यात भट्टी रचताना नमिता नियम सांगते, बोटभर जागा. रोशन शहाण्यासारखा बोट लावून मोजतो. तेवढ्यात ती काहीतरी आठवून, मुद्दाम, घरात जाते.