साच्यातला गठ्ठा

धाकटीला फोटोत उभं राहायची अक्कल काही आली नाही, हे मोठीबाईंचं जुनं दुखणं. कॅमेरा समोर आला की ही नेमका तोच गाल पुढे करणार. बॉयलरच्या वाफेनं भाजून डोळ्यापासून हनुवटीपर्यंत सायीसारखा गोळा झालेला गाल. वर दात काढून हसणार. दुसरा गाल चांगला धडधाकट होता, पण तो भिंतीकडे.

"मुद्दाम करते," मोठीबाई सुनेला म्हणाल्या. "माझी बहीण आहे, मी ओळखते. चारचौघांत मान खाली घालायला लावते मला."

सून लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. हॉटेलची माणसं या घरची लॉन्ड्री बघायला यायची होती. आधी त्यांना लॅपटॉपवरनं भिंतीवर कामाची चित्रं दाखवायची, मग आत न्यायचं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तिनं घरच्यांचा फोटो टाकला होता: दारात खुर्चीवर मोठीबाई, मागे मुलगा आणि सून, उजवीकडे धाकटी.

"तिला काढ त्यातनं."

"अहो आई, मावशी आहेत त्या. काढू कशा?"

"काढू नकोस मग. झाक."

"मला नाही जमायचं," असं म्हणून सून कपड्यांची गाडी आली ती उतरवायला गेली. आजकालच्या सुना!

मोठीबाईंची अक्षरओळख सहीपुरती. पण नजर सुईसारखी. पडद्यावरच्या पट्टीतली चिन्हं त्यांनी सुनेच्या खांद्यावरून बघून पाठ केली होती. रंगाची कलंडलेली बादली. एकावर एक सरकलेले दोन चौकोन, म्हणजे मागचं पुढे आणि पुढचं मागे. मागे वळलेला बाण, म्हणजे केलेलं पुसायचं. सगळ्या पानांचा मिळून एक साचा असतो आणि माथ्यावरच्या फोटोला हात लावायचा तर त्या साच्यात शिरावं लागतं, हेही त्यांनी हेरलं होतं.

त्या साच्यात शिरल्या. एका पानावर पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्याचं चित्र होतं, निळ्या किनारीचं. ते उचलून आणलं. कोपऱ्यातला ठिपका धरून ताणलं, सरकवत सरकवत धाकटीवर नेलं. आधी ते तिच्या मागे गेलं आणि तिचं हसू गठ्ठ्यावर ठेवल्यासारखं दिसू लागलं. मोठीबाईंनी दोन चौकोनांवर टिचकी मारली. गठ्ठा पुढे आला. कडेला थोडी सावली दिली, म्हणजे मुद्दाम ठेवल्यासारखा वाटू नये. मग फोटो आणि गठ्ठा एकत्र बांधून टाकले, पुन्हा सुटू नयेत असे.

सून परतली, तिनं दोन-तीन पानं पुढे सरकवून पाहिली. मग एवढंच म्हणाली, "साच्यात केलंत आई. म्हणजे सगळीकडे झाल्या त्या झाकून."

"बरंच झालं की!"

धाकटी चहा घेऊन मागे उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिनं पडद्याकडे वाकून पाहिलं.

"घडी सुरेख आहे गं ताई," ती म्हणाली. "माझ्याच हातची."

मोठीबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खाली मान घालून त्यांनी घोट घेतला आणि खेकसल्या, "चहा आहे का पाक? साखर फुकट आलीये?"

त्यानंतर धाकटी इस्त्रीच्या खोलीत दिसेना. म्हणजे होती ती. टेबलावर गठ्ठा चढलेला आणि त्याच्या कडेनं इस्त्री धरलेला हात तेवढा पुढे येई, मागे जाई. मोठीबाईंना बरं वाटलं. पाहुणे आले तर असंच दिसायला हवं.

मग गठ्ठा जेवणाच्या टेबलाशी आला. धाकटीच्या खुर्चीवर.

"हे इथे कोणी ठेवलं?" मोठीबाईंनी विचारलं.

मुलानं मान वर केली नाही. "असू दे की आई."

"आणि मावशी?"

"असेल मागे."

सुनेनं पानं वाढली, त्या खुर्चीपुढे वाढलं नाही. विसरली असं नव्हतं. तिथे वाढायचं असतं हेच तिच्या हाताला माहीत नसल्यासारखं. मोठीबाईंनी आपलं ताट तिकडे सरकवलं.

दुपारी त्या इस्त्रीच्या खोलीत गेल्या. बाहेर गाड्यांचे हॉर्न, आत वाफेचा ओला वास.

"धाकटे, बाहेर ये."

"इथेच आहे, ताई."

त्यांनी गठ्ठा उचलून बाजूला ठेवला. त्यामागे गठ्ठा होता. तो उचलला. त्यामागेही. निळ्या किनारी एका ओळीत, प्रत्येकाच्या कडेला थोडी सावली. खिडकी समोर होती, आणि सावली खिडकीच्याच बाजूला पडली होती.

मोठीबाई लॅपटॉपपाशी धावल्या. मागे वळलेला बाण विझून करडा पडला होता. दाबला तरी हलेना. साच्यात शिरून त्यांनी बांधलेलं सोडलं, गठ्ठा धरला आणि पुसला.

खाली भिंत होती. दाराची चौकट होती. धाकटी नव्हती.

त्यांनी त्या जागेवर टिचकी मारली. रिकाम्या भिंतीवर बारीक ठिपक्यांची चौकट उभी राहिली. धाकटीच्या उंचीची. आत काही नाही. त्यांनी दोन चौकोन दाबले. पुन्हा दाबले. चौकट पुढे आली, मोठीबाईंच्या फोटोतल्या खांद्यावर चढली, आणि तेवढा खांदाही दिसेनासा झाला.

"सूनबाई! हिला आण परत."

सुनेनं पाहिलं. "आहेत की मावशी," ती सहज म्हणाली. "मागे आहेत. दिसत नाहीत एवढंच."

"मग पुढे आण!"

"याच्या पुढे काही नसतं, आई. त्या सगळ्यात पुढेच आहेत."

बाहेर गाडी थांबली. हॉटेलची माणसं आली. मुलानं भिंतीवर चित्रं दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आत. इस्त्रीच्या खोलीत आता एकच गठ्ठा उरला होता, स्टुलावर. त्यांच्यातल्या व्यवस्थापकानं त्यावर तळवा ठेवला.

"वा. अजून ऊब आहे. घड्या कोण घालतं?"

मुलगा हसला. "आहे एक जण. मागे असते."

व्यवस्थापकानं उगाच मागे पाहिलं. तिथे भिंत होती.

मोठीबाई पुढे झाल्या. गुडघे दुखत होते, तरी स्टुलापाशी खाली बसल्या, परक्या माणसांसमोर.

"धाकटे."

"समोरच आहे, ताई," गठ्ठ्यातून आवाज आला. दुसऱ्या कोणी मान वळवली नाही.

त्यांनी वरच्या चादरीवरून हात फिरवला. कापड गुळगुळीत, कडक. कडेपाशी मात्र बोटं थांबली. तिथे ते गोळा झालेलं होतं. सायीसारखं. आणि कोमट.

मुलगा खाकरला. "आई, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू देत."

त्यांनी हात तिथेच ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तू कधीच वाईट दिसत नव्हतीस, धाकटे. झाकून ठेवावं असं या घरात एकच तोंड आहे, आणि ते माझं."