कोरी टाळपेटी

मी रोज देवापुढे दिवा लावणारी, कीर्तन सोडून सिनेमाला कधी न गेलेली बाई. खोटं लिहायला माझा हात धजत नाही.

पटलं तर माना, नाही तर हसा. पण हे आमच्या डोळ्यांदेखत घडलंय. इथंच, जुळे सोलापुरात. मागच्या कार्तिकात, दिवेलागणीला.

शेजारच्या अंबुबाई मूळच्या मंगळवेढ्याच्या. त्यांचा एकुलता एक जोतिराम चिंचोळी एमआयडीसीत माझ्या सुनेबरोबर, उत्कर्षाबरोबर कामाला होता. दोघांचं काम एकच. इवल्याशा चिपच्या पोटात मेमरी असते, तीत प्रोग्राम भरायचा.

जोतिराम आमच्या भजनातला टाळकरी. मी लाजून गप्प बसले की सगळ्यांदेखत ओरडायचा, "म्हणा की, काकू! देवाला मनातलं कळतंय, आमाला न्हाय!"

आईसाठी त्याने स्वतः टाळपेटी बनवली होती. बटण दाबलं की आधी त्याचा आवाज यायचा, "म्हणा की, आई..."

मग आईच्या उत्तरापुरते ठरावीक क्षण पेटी थांबायची. अंबुबाई म्हणायच्या, "रामकृष्ण हरी." की टाळ सुरू.

पावसाळ्यात हायवेवर गाडी घसरली. जोतिराम गेला.

आवाज तेवढा राहिला, पेटीत.

मग एक दिवस लाईटच्या झटक्याने पेटी बिघडली. नुसती खरखर. उत्कर्षाने तारा जोडून लॅपटॉप लावला आणि तिचं तोंड उतरलं.

"आतली मेमरी खराब झालीय, अंबुकाकू. आणि त्यानं चिपला कुलूप घातलंय. आतलं बाहेर काढता येत नाही. कुलूप काढलं की सगळं पुसलं जातं."

"आवाज बी?"

"आवाजपण."

अंबुबाई किती तरी वेळ पेटीवरून हात फिरवत बसल्या. जसं लेकराच्या पाठीवरून फिरवावा.

"पूस, पोरी. मुकी पेटी बघवत न्हाय. टाळ तरी वाजू दे."

उत्कर्षाने पुसलं. पडद्यावर जिकडेतिकडे एफएफ, एफएफ, एफएफ...

"म्हणजे पाटी कोरी झाली, आई," ती मला म्हणाली. मग तिने नवा प्रोग्राम भरला. फक्त टाळ. आवाज नाही, थांबणं नाही.

मी दिवा लावला. अंबुबाईंनी बटण दाबलं.

टाळ लगेच वाजायला हवा होता.

वाजला नाही.

रस्त्यावरच्या रिक्षा, वरच्या मजल्यावरचा टीव्ही... काहीच ऐकू येईना.

आणि मग...

"म्हणा की, आई..."

तोच घोगरा आवाज. त्याचाच.

उत्कर्षाने माझा दंड घट्ट धरला.

अंबुबाईंनी मात्र पदर सावरला. "रामकृष्ण हरी."

टाळ सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षाने मेमरी पुन्हा वाचून पाहिली. तिने भरलेला टाळ होता. पुढे सगळं एफएफ. आवाज कुठेच नाही.

"आणि पेटीला माइकच नाही, आई. काकूंनी उत्तर दिलं हे तिला कळतं कसं?"

त्या संध्याकाळी बटण दाबलं, त्याची हाक आली, आणि अंबुबाईंना आम्ही गप्प बसवलं. "रामकृष्ण हरी" उत्कर्षा म्हणाली. मी म्हणाले.

पेटी गप्प.

अंबुबाई म्हणाल्या, आणि टाळ वाजला!

त्या हसल्या. "यंत्राला कळत नसंल. लेकराला कळतंय की."

माघात एका संध्याकाळी त्यांच्या घरातला टाळ थांबेचना. आम्ही दार ढकलून आत गेलो.

अंबुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गेल्या होत्या. ओठ उघडे... 'हरी' म्हणता म्हणता थांबल्यासारखे.

टाळ वाजतच होता.

त्यांच्या भाच्याने पेटी आम्हाला दिली. उत्कर्षाने भीतीपोटी पेटीची वायर आणि सेल दोन्ही काढले. चिपही उपसून काढली. ती आजही तिच्या कंपनीतल्या ड्रॉवरमध्ये आहे. पेटीत चिपच्या जागी नुसता खळगा. जोतिरामाच्या हातची वस्तू टाकवेना, म्हणून मी ती देव्हाऱ्याखाली ठेवली.

काल मी दिवा लावला. घरात एकटीच होते.

"म्हणा की..."

बुवांनी 'म्हणा' म्हटलं की कीर्तनात बसणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं हो. जन्माची सवय. माझंही उघडलं. "राम..." इतकं आलं, आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

पेटी थांबली होती. वाट बघत होती. त्या खळग्यातून...

"म्हणा की, काकू..."

हे त्याने कधीच कुठल्याच चिपमध्ये भरलेलं नव्हतं.

उत्कर्षा म्हणते, पेटी सीना नदीत सोडून येऊ. माझं मन धजत नाही. पोर वाईट नव्हतं. आईवर जीव होता त्याचा. पण आता तो मला का हाक मारतोय...

थोड्या वेळात दिवा लावायचाय.

आणि कालपासून मी देवाचं नाव तोंडातून काढलेलं नाही.