निघालो, चहा ठेव

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ज्या घरात हे घडलं, त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर मी राहते. ऐकीव गोष्टी सांगायची मला सवय नाही.

संत तुकाराम नगर, पिंपरी. मागच्या मार्गशीर्षातला गुरुवार. रात्र नव्हती, दिवेलागणही झाली नव्हती. भुतं मध्यरात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी चाकणची पहिली शिफ्ट केलेली नसावी.

वरच्या पद्माकाकूंचा एकुलता एक मुलगा अवधूत चाकणला कंपनीत होता. त्याला एक भलताच नाद. गच्चीवर त्याने अँटेना लावलेली डबी बसवली होती. तिला तो नोड म्हणायचा. ना सिम, ना टॉवर, ना कुणाची मालकी. अशाच डब्या त्याच्या मित्रांनी भोसरी, मोशी, चाकणच्या गच्च्यांवर लावल्या होत्या. एकीने निरोप घ्यायचा, पुढचीला द्यायचा. त्याचे वडील, सुरेंद्रकाका, त्याला कबुतरखाना म्हणायचे.

शिफ्ट सुटली की अवधूत खिशातल्या छोट्या यंत्रावरून निरोप टाकायचा. 'निघालो, चहा ठेव.' काकूंच्या ओट्यावर त्याने लावून दिलेल्या छोट्या स्क्रीनवर तो उमटायचा. कुठून कुठून आला, तेही खाली दिसायचं. चाकण, मोशी, भोसरी, घर.

निरोप मिळाल्याची पोच खरं तर आपोआप परत जाते. काकूंना ते पटेना. यंत्राने पोच दिली तर आईने वाचलं कशावरून, म्हणाल्या. मग अवधूतने हसत हसत एक लाल बटण बसवून दिलं. काकूंनी ते दाबलं तरच पोच जायची. तोवर त्याचं यंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं.

दिवाळीनंतर एका दुपारी निरोप आला. काकूंनी बटण दाबलं, आधण ठेवलं.

अवधूत आला नाही.

मोशीच्या अलीकडे कंटेनरने त्याची गाडी उडवली होती. त्या यंत्राचा चुरा पोलिसांनी पिशवीत घालून दिला. काकूंनी पिशवी कपाटात ठेवली.

त्या गुरुवारी काकूंनी घट मांडला नव्हता. घरातलं सुतक फिटलं होतं, त्यांचं फिटलं नव्हतं. भाजी निवडत बसल्या होत्या…

ओट्यावर टिंग झालं.

'निघालो, चहा ठेव.'

चाकण, मोशी, भोसरी, घर.

काकूंची किंकाळी ऐकून मी धावत वर गेले. अवधूतचा मित्र गणराज आला. डब्या लावणाऱ्या मित्रांपैकीच एक. आधी म्हणाला, जुना निरोप कुठेतरी अडकला असेल. मग त्याने पिशवी उघडून पाहिली. बॅटरीसुद्धा चेपलेली होती.

काकूंनी बटण दाबलं नाही. निरोप येत राहिला.

काही दिवसांनी खालच्या नावांतून चाकण गेलं. नुसतं मोशी, भोसरी, घर. चाकणची डबी मात्र धडधाकट होती, गणराज स्वतः बघून आला. मग एके दिवशी मोशीही गेली.

कोण जवळ येतंय ते सगळ्यांना कळलं.

सुरेंद्रकाका वायर उपटायला गच्चीवर गेले. रिकाम्या हाताने परत आले आणि पायरीवर बसले. "राहू दे," एवढंच म्हणाले. वर काय दिसलं, ते त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे काकूंच्या स्वयंपाकघरात होतो. टिंग झालं. खाली एकच शब्द होता.

थेट.

मध्ये एकही डबी नाही. म्हणजे पाठवणारा आमच्या आसपासच…

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. कंपनीतले जड बूट. माझा मजला गेला… पुढची वळणाची पायरी गेली… आणि पावलं दारापाशी थांबली.

बेल वाजली नाही. अवधूत बेल कधी वाजवायचाच नाही. आई चाहूल ओळखते, हे त्याला माहीत होतं.

गणराज हळूच म्हणाला, "काकू, पोच दिली की निरोप थांबतील. मग पुन्हा नाही यायचे."

काकू मराठवाड्यातल्या, भूमकडच्या. एरवी शहरासारखं बोलतात, त्या दिवशी सगळं गळून पडलं. "दमून आलंय रे लेकरू," त्या म्हणाल्या. "त्याला किती ताटकळत ठिवू?"

त्यांनी गॅसवर चहा ठेवला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर त्याच्या निरोपाखाली लिहिलं, 'चहा ठेवलाय. ये.' आणि दार उघडलं.

कुणीच नव्हतं. जिन्यात फक्त मशीनच्या तेलाचा वास होता.

काकू उंबऱ्यातच बसल्या. दारात आलेल्या पोराला आपणच माघारी धाडलं, असं म्हणून त्या ज्या रडल्या, ते मला अजून ऐकू येतं. गॅसवरचा चहा आटून करपला तरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर त्याचा निरोप आला नाही.

पण काकूंचा निरोप? त्याची पोच द्यायला कुणी नाही. त्यामुळे आमच्या गच्चीवरची डबी तो अजून पाठवते आहे. 'चहा ठेवलाय. ये.' भोसरीवरून, मोशीवरून, चाकणपर्यंत, रोज. गणराज तो पुसायला आला होता. काकूंनी हात लावू दिला नाही.

काल त्या जिन्यात भेटल्या. विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"न्हाई आली अजून पोच," म्हणाल्या. "रस्त्यात आसंल. मोशीला ट्रॅफिक किती आसतं, बघतीस न्हवं?"

मी घरात येऊन दार लावून घेतलं. वर आधण ठेवल्याचा आवाज आला…

आणि जिन्यात, अगदी खाली, कुणीतरी पहिल्या पायरीवर बूट आपटून माती झटकली.