साठ दमलेल्या वह्या

वह्यांचं खोकं सोमवारी गेलं आणि गुप्तहेराला बुधवारी दुपारी बोलावलं. मधला वेळ केंद्राने बैठका घेण्यात घालवला होता.

विद्यापीठाचं श्रम-अभ्यास केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. गुप्तहेर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकला. त्याचा मेहुणा तिथे आधीच टेकलेला होता.

"दाजी, चोरसुद्धा इथे बसला असणार."

"चोराला उतरायचं होतं. आपल्याला चढायचंय," म्हणत गुप्तहेर गुडघ्यावर हात देऊन उठला.

संचालकबाई उंचीने पाच फुटांना दोन बोटं कमी होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण नव्या कोऱ्या, उंच खुर्चीत मात्र त्या अगदी ऐसपैस बसल्या होत्या. तीन वर्षं त्या थकव्यावर संशोधन चालवत होत्या. साठ कामगारांनी, म्हणजे हमाल, सफाईवाल्या, इस्पितळातल्या आयांनी, महिनाभर दर अर्ध्या तासाला आपण काय केलं ते वह्यांमध्ये लिहिलं होतं. शुक्रवारी छाननी समिती त्या मूळ वह्या बघणार होती. वह्या नाहीत तर संशोधन नाही.

"सोमवारी तीनला खोकं मी स्वतः कपाटात ठेवलं. रोज ठेवते तसंच," बाई म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी कपाट रिकामं. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, एक कारकुनाकडे."

म्हणजे निकाल लागलाच होता. कारकुनाला चार वाजता कामावरून कमी केल्याचं पत्र मिळणार होतं. अकरा वर्षं तो इथे होता, दर वेळी अकरा महिन्यांच्या करारावर. मग गुप्तहेर कशाला, असं मेहुण्याने विचारलं. चौकशीशिवाय माणूस काढला तर आपल्याच केंद्राला आपल्यावर अहवाल लिहावा लागेल, असं बाई म्हणाल्या. यात विनोद आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"ही खोली शोधली?"

"मी स्वतः. चार वेळा उठून सगळं पाहिलं. कपाट, फडताळं, दारामागे."

बाईंच्या टेबलाला समोरून जमिनीपर्यंत फळी होती. टेबलापलीकडे जायची कोणाची पद्धत नव्हती.

उपसंचालकाला सगळे तळटीप म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याला शेपूट असायचं. तो उपड्या केरटोपलीवर पाय ठेवून बसला होता. संचालकपद आपल्यालाच हवं होतं, हे त्याने न विचारताच कबूल केलं. अर्थात तीन वर्षांपूर्वी. अर्थात तेव्हाही फार नाही. टोपलीचं विचारल्यावर तो कळवळला. सोमवारी दुपारी कुणा देणगीदाराने थकवा घालवणाऱ्या तीन खुर्च्या पाठवल्या होत्या. तिन्हींचे उंची कमीजास्त करायचे दांडे सगळ्यात वर अडकलेले.

"पाय लटकून मुंग्या येतात. अर्थात पाठ छान राहते."

आकडेमोड करणाऱ्याचं नाव सरासरी. त्याच्या पायांखाली जुन्या अहवालांचे दोन जाडजूड खंड होते. आपले आकडे वह्यांशी जुळतील की नाही याची त्याला धास्ती होती, म्हणजे वह्या गायब झाल्याने खरं तर तो सुटला होता. वह्या गेल्यापासून झोप लागत नाही, असं तो म्हणाला. वह्या होत्या तेव्हाही लागत नव्हती.

तो अहवालाचा मसुदा आणायला उठला तशी मेहुण्याने संधी साधून खंड बाजूला सारले आणि खुर्चीत बूड टेकलं. मेहुणा पाच फूट चार इंच. त्याचे पाय हवेत डुलत राहिले.

"दाजी, लहानपणी न्हाव्याकडे बसायचो तसं वाटतंय."

"हलू नकोस," गुप्तहेर म्हणाला आणि बराच वेळ मेहुण्याच्या बुटांकडे बघत बसला. मेहुण्याला वाटलं, चिखल लागलाय. त्याने बूट पुसले.

कारकून बाहेर बोळात होता. सव्वासहा फुटांचा तो माणूस जुन्या बुटक्या स्टुलावर असा घडी होऊन बसला होता की गुडघे हनुवटीला लागत होते. देणगीदाराच्या यादीत फक्त कायम नोकरीतली माणसं होती. तो स्वतःचंच पत्र टाइप करत होता.

"मसुदा मॅडमचा आहे. दोन चुका होत्या, दुरुस्त केल्या."

सोमवारी त्याने खुर्च्या एकट्याने तीन मजले चढवल्या होत्या. किल्ली खणातून हललीच नव्हती. खुर्च्यांबरोबर आणखी काही आलं होतं का, असं गुप्तहेराने विचारलं.

"तीन खुर्च्या. पोचपावती मीच लिहिली." मग जरा थांबून तो म्हणाला, "आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी कायम आहे."

मेहुण्याने बाकावर बसून अहवालाचा मसुदा उघडला आणि चौथं प्रकरण मोठ्याने वाचलं. फार दमलेल्या माणसाला रोजचं काम न करताही केल्यासारखं आठवतं, असं त्यात होतं. एका हमालाने गोदामाला कडी लावल्याची शपथ घेतली होती. कडी लागलेलीच नव्हती. मेहुण्याने जांभई दिली. "कोण वाचतं हे, दाजी?"

"लिहिणाऱ्यानेही नाही वाचलेलं."

चारला पाच कमी असताना सगळे बाईंच्या खोलीत जमले. कारकून पत्र घेऊन दारात उभा राहिला.

"चोरी झालेली नाही," गुप्तहेर दमल्या आवाजात म्हणाला. "तीन खुर्च्या आल्या, तिन्ही उंच अडकलेल्या. एकाने टोपली घेतली, एकाने खंड घेतले. माझ्या मेहुण्याचे पाय लटकतात. मॅडम त्याच्याहून बुटक्या, आणि या केंद्रात एकट्या त्याच आरामात बसल्यात. मॅडम, तुमचे पाय कशावर आहेत?"

बाईंनी खाली पाहिलं नाही. "ते खुर्चीबरोबरच आलं ना?"

"पावतीत तीन खुर्च्या आहेत. बाकी काही नाही."

मेहुणा वळसा घालून टेबलाखाली शिरला आणि त्याने खोकं ओढून बाहेर काढलं. झाकणावर टाचांचे दोन खड्डे पडले होते. आत साठ वह्या होत्या.

"खोकं उचललं होतं," बाई हळूहळू म्हणाल्या. "तेवढ्यात खुर्ची आली. म्हटलं, दोन मिनिटं बसून बघू."

"आणि कपाटात ठेवल्याचं आठवलं ते शनिवारचं किंवा शुक्रवारचं. शोधायला तुम्ही चारही वेळा उठलात. बसून एकदाही शोधलं नाही. बाकीचं तुमच्या चौथ्या प्रकरणात आहे."

"अर्थात," तळटीप म्हणाला, पण पुढे त्याला काही सुचलं नाही.

खोकं गेल्यामुळे बाईंचे पाय आता लटकत होते. त्या घसरत खाली उतरल्या आणि त्यांनी कारकुनाला बसायला सांगितलं. तो नको नको म्हणत बसला. त्याची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. सगळे त्या पावलांकडे बघत राहिले. देणगीदाराची खुर्ची अख्ख्या केंद्रात एकालाच बसत होती.

त्याने अवघडून पत्र पुढे केलं. "सही, मॅडम. मसुद्यात दोन चुका होत्या."

"तीन होत्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, उभ्यानेच, त्याला कायम करण्याची शिफारस लिहायला घेतली.